तेरहून अकरा लेकरं आणायची होती

६ जानेवारी १९५९, मंगळवार. बार्शीत आमच्या गल्लीतल्या काशिनाथराव शिंप्यांच्या दुकानात एकशे अडतीस रुपये माझ्या स्वाधीन झाले. हजर तिघं : गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, नागनाथराव, काशिनाथराव आणि मी. पैसे गिरणी कामगारांनी आपसात जमवलेले होते. मी गिरणीतला नव्हे, अडतीच्या दुकानात दिवाणजी आहे. मलाच का पाठवता, असं विचारल्यावर नागनाथरावांनी कारण तोंडावर सांगितलं.

"तुम्ही पन्नाशीला आलेले, चार लेकरांचे बाप. बोलायला तुसडे, पण पैशाला चोख. तुमच्याकडं बघून कुठलीही बाई लेकरू हवाली करील."

तुसडे हा शब्द मला आवडला नाही. पैसे मोजून घेतले.

काम असं होतं. तेर गावाच्या बाजूला एक जीन आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथल्या कामकरी बायांनी मागणी केली, की तान्ह्या लेकरांना पाजायला दुपारी अर्धा तास सोडावं. या मागणीसाठी युनियन निघाली, आणि मालकाला मागणीपेक्षा युनियनचाच राग जास्त आला. ऐन हंगामात त्यानं फाटक बंद केलं आणि निरोप दिला : ज्याला काम पाहिजे त्यानं बेलभंडारा उचलून शपथ घ्यावी, की युनियनमध्ये राहणार नाही आणि युनियनचा पैसाही शिवणार नाही. मुसलमानांनी कुराणावर हात ठेवावा. कागदावर अंगठा उठवून माणूस उलटतो, भंडारा उचलून उलटत नाही, हे तो ओळखून होता. कामगारांनी नकार दिला. मग मालकाच्या चाळीतल्या त्यांच्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या गेल्या आणि गावातल्या दुकानांनी उधारी बंद केली. याला दोन महिने होत आले होते.

म्हणून बार्शीतल्या अकरा घरांनी भांडण मिटेपर्यंत एकेक लेकरू सांभाळायचं कबूल केलं. सगळ्यात जास्त हाल असलेली अकरा लेकरं मी घेऊन यायची होती. अकरावं घर माझं. बायको म्हणाली, "आणा. पण डोक्यात उवा असल्या तर आधी रॉकेल लावीन आणि मग ताट वाढीन. लेकराच्या आईला हे आधीच सांगा, मागून बोल नको."

छोट्या गाडीत

बुधवारी निघालो. आमची अरुंद रुळांची छोटी आगगाडी कशी चालते हे बार्शीकरांना सांगायला नको. चढावर एक म्हातारा उतरला, लघवीला बसला आणि पुढं येऊन पुन्हा चढला. येडशीचा घाट संपला की रान मोकळं होतं. ज्वारी कणसात आली होती, तिच्यात करडईचे पट्टे, मध्येच हरभरा. पीक बरं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या मुलुखात त्या साली धान्य नव्हतं म्हणून लेकरं उपाशी होती, असं कोणाला वाटायला नको.

डब्यात जो तो मडकी, बोरं, वालाच्या शेंगा, हिरवी चिंच असं काहीबाही घेऊन बसलेला. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो माझ्याकडं बघतच राहिला.

"परवा येळवस न्हाई का! तुमच्याकडं करत न्हाईत व्हय?"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्याकडंही काही घरं ती करतात, पण धाराशिवच्या बाजूला त्या दिवशी गावच्या गाव ओस पडतं. सगळे रानात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि रानातच जेवायचं. ज्वारीच्या पिठाची आंबट ताकातली आंबील, सगळ्या हिरव्या शेंगांची एकत्र भज्जी, बाजरीचे उंडे.

"तर मग या आमच्या रानात," तो म्हणाला.

"मी तुम्हाला ओळखत नाही."

"वळख कशाला लागती? येळवसला बांधावर आलेल्या मानसाला नाव-गाव इचारत न्हाईत. बसा म्हनायचं आन् वाढायचं."

आमच्या बार्शीत पाहुण्याला पाट देण्याआधी निदान कुठले, कोणाचे एवढं तरी विचारतात. ही चाल मला चांगली वाटली.

नदीकाठ

स्टेशनावर चाँदभाई न्यायला आले होते. जीनमधले फिटर, युनियनचे पुढारी. उंच, वाकलेले, दर चार वाक्यांनी खोकणारे. कापसाची धूळ छातीत बसलेली.

"सलाम दिवाणजी. सामान इतकंच?"

"एक पिशवी."

"चांगलं झालं. जाताना दोन्ही हात मोकळे लागतील. लेकरं हात सोडत न्हाईत."

वाट जीनच्या भिंतीवरूनच जाते. आत नवी माणसं आणून दोन यंत्रं चालू ठेवली होती. बाकीची बंद होती. फाटकाजवळ भंडाऱ्याची परात घेऊन एक माणूस स्टुलावर बसला होता. दोन महिने तो रोज तसा बसतो, चाँदभाई म्हणाले. "बेकारीत त्याला एकट्याला नोकरी लागली."

तेरणेच्या काठी तुराट्या आणि गोणपाटाच्या खोपट्या घातल्या होत्या. जवळच पांढरीचं टेकाड आहे. जुनं मोठं शहर पुरलंय म्हणतात तिथं. लेकरं ती पांढरी माती नखानं उकरून मणी शोधत होती. शहरातले हौशी लोक येतात आणि मण्याला पैसा-दोन पैसे देतात. मी गेलो तेव्हा उठून कोणी पळालं नाही, गलका केला नाही. माझी स्वतःची चार वाढवलेली आहेत. इतकी गप्प लेकरं मी पाहिली नव्हती.

स्वयंपाक सगळ्यांचा एका कढईत. त्या दिवशी ज्वारीच्या कण्या होत्या, पातळ. ताटली घेऊन जो तो ओळीत बसला, मीही बसलो. कोण कोणाशेजारी हे तिथं कोणी बघत नव्हतं. आमच्या गल्लीत हे जमलं नसतं.

कढईवर सोजरबाई होत्या. तिशीच्या, काटक. नवरा मागच्या साली छातीच्या दुखण्यानं गेलेला. लेकरं दोन : कौसा आठ वर्षांची, लिंबा चारचा. लिंबाच्या पायांवर सूज होती. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. चाँदभाईंनी निवडलेल्या अकरांत ही दोघं पहिली होती.

सोजरबाईंनी मला बसवून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"पाव्हणं, बार्शीचं पानी कसं हाय?"

"थोडं मचूळ आहे. पण दोन वेळ येतं."

"कौसा कुनाकडं राहनार?"

"माझ्याकडं. लिंबा शिंप्यांकडं, समोरच्याच दारात. दोघं दिवसभर एकत्रच असतील."

"तुमची मालकीन व्हय म्हनली का तुमीच म्हनलाव?"

मी उवांचं आणि रॉकेलचं जसंच्या तसं सांगितलं. शेजारच्या बाया हसू लागल्या. सोजरबाईसुद्धा हसल्या.

"खरं बोलतोय मानूस. न्हाईतर सगळे येत्यात आन् म्हनत्यात, आमी तुमच्या पोरीला सोन्यावानी ठिवू. सोन्याचं काय काम हाय? रातच्याला लिंबा दचकून उठतो. कुनी नुसता हात ठिवला की निजतो. एवढं शिंपीनबाईला सांगा."

"सांगतो."

"ही दोघं जेवाया लागली तर म्या शिमग्यापतूर दम काढीन. माझ्या एकटीच्या पोटाला म्या भीत न्हाई. शपत घ्यायची न्हाई मला, दिवाणजी. चाँदभाई माझ्यासाठी भांडला. लिंबा पोटाशी होता तवा दुदानं चोळी भिजायची आन् यंत्र सोडू देत न्हवते."

स्टेशनवर

गुरुवारी दुपारच्या गाडीला अकरा लेकरं घेऊन निघालो. आयांनी तोंडं धुऊन, तेल नव्हतं म्हणून पाण्यानंच केस चोपून दिले होते. मी अर्धी तिकिटं काढली, माझं परतीचं होतंच.

फलाटावर जीनचे मुनीम उभे होते. त्यांच्या एका बाजूला गावातले पुजारी, दुसऱ्या बाजूला मशिदीतले एक वयस्कर गृहस्थ, आणि मागं पाच-पन्नास माणसं. मुनीम फार अदबीनं बोलले.

"दिवाणजी, चांगलं काम करताय. फक्त एक सांगा, कोणतं लेकरू कोणाच्या घरी ठेवणार?"

लपवण्यासारखं काही नव्हतं. मी सांगितलं : दोन घरं शिंप्यांची, तीन कोष्ट्यांची, दोन मराठ्यांची, दोन मोमिनांची, एक वडाराचं, एक माझं.

"आणि मराठ्याची पोरं मराठ्याच्याच घरी जाणार? मुसलमानाची मोमिनाच्याच?"

"ज्या घरात जागा आहे तिथं जातील. मिळेल तिथं जेवतील."

मुनीम बाजूला सरले. पुजारी मोठ्यानं म्हणाले, की लेकरांची जात बुडवायला हा माणूस बार्शीहून आलाय. दुसरे गृहस्थ उर्दूत तेच म्हणाले, फक्त जातीच्या जागी त्यांनी इमान म्हटलं. गर्दीतून कोणी ओरडलं, की पोरांना गिरणीत जुंपणार आहेत. कोणी म्हणालं, विकणार आहेत.

चाँदभाई खोकत पुढं झाले. "अरे, दोन महिने ह्या लेकरांनी एका कढईतलं खाल्लं, तवा कुठं व्हता तुमी? तवा ह्यांची जात बघायला कुनी नदीवर आलं का? एक शेर कण्या घेऊन या म्हनलं असतं तर आला असता का?"

"तू गप रं! तुझ्यापायीच मेली समदी उपाशी!" गर्दीतून आवाज आला.

मी तोवर लेकरं डब्यात चढवली होती. लोक मागून चढले. लेकरांचे मामा, चुलते, जीनमध्ये जागा लागेल या आशेवर असलेले, कोण कोण होते. एकेकाला दंडाला धरून खाली ओढू लागले. आया खालून ओढणाऱ्यांचे हात ओढत होत्या. पोलीस होता, तो फलाटाच्या टोकाला बिडी ओढत उभा होता आणि उभाच राहिला. माझी टोपी गेली, धोतराचा सोगा दारात अडकून फाटला.

शेवटी राहिली सोजरबाईंची दोघं. कौसा बाकाखाली शिरली. लिंबा माझ्या मांडीवर होता, तो मांडीवरच मुतला. सोजरबाईंचा थोरला दीर, जो मालकाची जमीन बटईनं करतो, त्यानं लिंबाचे पाय धरले. मी त्याच्या काखेत हात घालून धरलं होतं. तो ओढू लागला, मीही सोडीना. लेकरू तोंड उघडून माझ्याकडं बघत होतं, रडत नव्हतं.

सोजरबाई दारात आल्या. मला म्हणाल्या, "द्या पाव्हणं. लेकराचं तुकडं हुतील."

मी हात सोडले. गार्डनं शिट्टी दिली. मी उतरलो आणि गाडी आमच्यावाचून गेली. स्टेशनमास्तरांकडं तिकिटांचे पैसे मागितले, तर गाडी सुटल्यावर परत मिळत नाहीत म्हणाले. नियम तसा आहे, मी वाद घातला नाही.

येळवस

शुक्रवारी अमावास्या. सकाळपासून बैलगाड्या रानाकडं निघाल्या, डोक्यावर मडकी आणि वर घोंगडं घेतलेल्या बाया गात निघाल्या. तासाभरात गाव सुनसान.

चाँदभाई नदीकाठची लेकरं घेऊन निघाले, मीही बरोबर. पहिल्याच बांधावर एका म्हातारीनं हाक मारली आणि काही न विचारता सगळ्यांना वाढलं. काल फलाटावर लेकरं ओढणाऱ्यांतले दोघं तिथंच पंगतीत वाढत होते. तेसुद्धा "घे रं, आनखी घे" म्हणत होते. मला याचा अर्थ लागला नाही, अजूनही लागत नाही. आंबील मी पहिल्यांदा पोटभर प्यालो. थंड, आंबट, लसणाची. भज्जीत चिंचेचा हात जास्त होता, पण चांगली होती.

सोजरबाई आमच्यात नव्हत्या. चाँदभाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि ते ताटावरून उठले, मीही मागं गेलो.

मालकाचं रान नदीच्या पलीकडं, विहिरीचं. तिथंही कोप होती, पांडव होते, दोन मोठे हंडे उकळत होते. जीनच्या कामगारांना जेवायला या, असा आदल्या रात्री निरोप फिरला होता. कोपीच्या तोंडाशी, पूजेच्या जागीच, ती फाटकावरची परात आणून ठेवली होती. भंडारा, बेलाची पानं. जो येईल त्यानं आधी ती उचलायची, मग पंगतीला बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर यायचं. तीस-चाळीस माणसं रांगेत होती, एकमेकांकडं न बघता.

सोजरबाई रांगेत होत्या. लिंबा कडेवर, कौसाचा हात धरलेला.

चाँदभाई बांधावरूनच म्हणाले, "ताई, आज कुनाच्याबी रानात वाढत्यात. हितंच कशाला?"

"आज वाढत्यात, भाई." त्या मागं न वळता बोलल्या. "उद्याचं कोन वाढनार? उद्या येळवस हाय का?"

मुनिमांनी मला पाहिलं.

"या दिवाणजी, बसा. तुम्हाला भंडारा नाही. पाहुणे तुम्ही."

"ह्यांनाही न विचारता वाढा, मग मी बसतो."

"रान मालकाचं आहे," ते हसून म्हणाले. "रीतही मालकाची."

सोजरबाईंनी लिंबाला खाली ठेवलं. उजव्या हातात बेलाचं पान आणि मूठभर भंडारा घेतला. मुनीम सांगत गेले तसं त्या म्हणत गेल्या : युनियनमध्ये राहणार नाही, युनियनचा पैसा-दाणा शिवणार नाही, माझ्या लेकरांनाही शिवू देणार नाही. आवाज स्पष्ट होता. मग त्यांनी दोघांना पंगतीत बसवलं. लिंबानं इतक्या घाईनं खाल्लं की त्याला उलटी झाली. त्यांनी पुसून घेतलं आणि पुन्हा भरवलं, थोडं थोडं. स्वतः जेवल्या का, ते मी पाहिलं नाही. आम्ही निघालो होतो.

फाटक

शनिवारी सकाळी फाटक उघडलं. भंडारा उचललेले एकेक आत गेले. मी गाडीची वेळ विचारायला स्टेशनकडं निघालो होतो, तेवढ्यात सोजरबाईंना फाटकात अडवलेलं दिसलं, म्हणून थांबलो.

मुनीम म्हणाले, "तू नाही. लेकरं गाडीत घालणारी पहिली तू. मालकानं तुझी जागा दुसरीला दिली."

"म्या भंडारा उचलला की! तुमच्याच म्होरं!"

"तो तू उचललास. मालकानं कुठं उचलला?"

आत गेलेल्यांतलं कोणी मागं वळलं नाही. मग सोजरबाई खाली नदीवर आल्या, आपली खोपटी सोडायला लागल्या. मीही मागोमाग गेलो. गोणपाटाची घडी केली, तुराट्यांचा भारा बांधला.

चाँदभाई म्हणाले, "ताई, कुठं जाता? बार्शीचे पैसे हायेत. ज्वारी घेऊ, तुमचा वाटा हाय त्यात."

"युनियनचा दाना शिवू नये म्हनून बोलले म्या."

"जुलमाची शपत शपत नसते. त्यांनी आपला शब्द मोडला, तुमचाबी मोडला त्यात."

"जुलूम मालकानं केला, भाई. देवाचं काय चुकलं?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, माझं घर युनियनचं नाही. कौसाला माझ्याकडं द्या, तिकीटही माझ्या खिशातून काढतो. त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती आईच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून होती.

"न्हाई दिवाणजी. तुमच्यावर इस्वास हाय. पर परवा लिंबाला दोन्हीकडनं वढलं तवा त्यो रडलाबी न्हाई, बघितलाव न्हवं? आता ह्यांचा हात सोडायचा न्हाई म्या."

धाराशिवकडं रस्त्याची खडी फोडायचं काम निघालंय असं त्यांनी ऐकलं होतं. लेकरांना घेऊन त्या वाटेला लागल्या. लिंबाला सुजलेल्या पायांनी चालवत नव्हतं, म्हणून भारा कौसाच्या डोक्यावर दिला आणि त्याला कडेवर घेतलं. त्यांना खडीचं काम मिळालं की नाही, हे मी नंतर दोनदा पत्र घालून विचारलं. चाँदभाईंनाही कळलं नव्हतं.

जीन शिमग्याच्या आधी पूर्ण सुरू झालं. दुपारचा अर्धा तास मिळाला नाही.

पैशाचं असं झालं. लेकरांच्या अर्ध्या तिकिटांना सव्वाआठ रुपये गेले, माझ्या जाण्यायेण्याला तीन. उरलेले एकशे सव्वीस रुपये पंचाहत्तर नवे पैसे त्याच शनिवारी चाँदभाईंच्या समक्ष ज्वारीच्या व्यापाऱ्याला दिले. भंडारा न उचललेली तीस कुटुंबं नदीकाठी राहिली होती. चाँदभाईंनी ज्वारीचे एकतीस वाटे घातले. एकतिसावा त्यांनी माझ्या संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत तसाच झाकून ठेवला. मग तो उचलून बाकीच्या तिसांत ओंजळीनं वाटून टाकला.